बाल्या नाच : नाव आणि मान

मासायुकी सुओ यांच्या १९९६ सालच्या ‘शॅल वी डान्स?’ या जपानी चित्रपटातील मध्यमवयीन हिशेबनीस आगगाडीतून नृत्यशाळेच्या खिडकीत उभी असलेली स्त्री पाहतो आणि घरच्यांच्या नकळत नृत्य शिकू लागतो. जोडीने नाचणे तेथे संकोचाचे मानले जाई. म्हणून त्याची ओढ गुप्त राहते. रायगडच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनारपट्टीतील जाखडी नृत्याच्या इतिहासात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते.

१८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तसे कोकणातील कुणबी तेथे मजुरीस व घरकामास जाऊ लागले. कानातील बाळीवरून शहराने त्यांना ‘बाल्या’ म्हटले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. या संबोधनात अवहेलना होती. तथापि तेच नाव त्यांच्या नृत्यासही चिकटले.

गौरीगणपतीस हे चाकरमानी गावी परतत. एका पायात चाळ बांधून, शाहीर व मृदंगवादक यांना मध्ये बसवून, ते घरोघरच्या अंगणात फेर धरीत. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात पुराणांतील प्रश्न घालून प्रतिपक्षास निरुत्तर करणे, हा मोठा मान होता. शहरात केवळ हुकूम ऐकणारा मनुष्य येथे प्रश्नकर्ता होई, तोही कुटुंबादेखत.

१९८२ च्या संपानंतर असंख्य गिरणीकामगारांचा रोजगार गेला. जाखडी मात्र टिकली. गिरणीच्या हजेरीपटात हे दिवस केवळ गैरहजेरीचे ठरतात. कामगारांच्या इतिहासकाराने तेवढ्यावर विसंबणे योग्य नव्हे.