पदवीची किंमत

"सर, एवढं शिकून तुम्हाला महिन्याला किती सुटतात?" बी.ए.च्या वर्गातल्या एका पोराने विचारले. मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, घरातला पहिला पदवीधर. माझ्या फीपायी आईने जोडवी मोडली होती. आकडा सांगवेना.

हा हिशेब जुना आहे. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. बदल्यात दहा वर्षांच्या चाकरीचा करार लिहून दिलेला. १९१७ साली करार पाळायला ते बडोद्यास आले, तेव्हा कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकीत. पारशी धर्मशाळेतून तर लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढले. एवढ्या शिक्षणावर भाड्याची एक खोली मिळाली नाही! तरी १९२० साली साठवलेल्या पगारात मित्राकडच्या कर्जाची भर घालून ते अपुरा अभ्यास पुरा करायला लंडनला गेले. भाषणांतून आपण त्यांच्या पदव्या मोजतो, कर्ज मोजत नाही.

१९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. तिथे सकाळी तास करून दिवसा नोकरी करता येई. गरिबाला फीपेक्षा बुडालेली मजुरी महाग पडते, हे काढणाऱ्याने ओळखले होते.

हे सारे मी त्या पोराला सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "पण सर, शिष्यवृत्ती अजून जमा नाही, आणि परीक्षेची फी सोमवारपर्यंत भरायचीय."