‘लॉग इन’मधला ओंडका

संगणकावर आपण ‘लॉग इन’ करतो. विद्यार्थ्यांना यात लॉगॅरिथम दिसतो; पण नेपिअरचा तो शब्द (१६१४) ग्रीक मुळांचा. इथला ‘लॉग’ म्हणजे चक्क लाकडाचा ओंडका!

जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी दोरी बांधलेले लाकूड समुद्रात टाकत. ते जवळपास जागीच राही, जहाज पुढे जाई व दोरी उलगडत जाई. विल्यम बोर्नने १५७४ मध्ये या रीतीचे वर्णन केले. पुढे दोरीला सुमारे १४.४ मीटरवर एकेक गाठ मारू लागले. २८ सेकंदांत जितक्या गाठी हातातून सरकतील, तितके ‘नॉट’, म्हणजेच ताशी तितके सागरी मैल. (सागरी मैल १८५२ मीटरचा, हिशेब वर्गात करून पाहावा.)

हा वेग लिहिण्याची वही ती ‘लॉगबुक’. त्यावरून ‘लॉग’ म्हणजे नोंदणे. १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची प्रणाली दाखवली गेली. तिथे कोणी किती वेळ वापरला, याची नोंद हवीच. म्हणून येताना ‘लॉग इन’, जाताना ‘लॉग आउट’. ‘इन’ व ‘आउट’ या दोन छोट्या शब्दांनी नोंदीला दिशा दिली.

पाठांतरापेक्षा अशी गोष्ट शब्द पक्का करते.