घर कुणाच्या नावावर?

आमच्या गल्लीत एक सिंधी भाभी राहतात. घरी पापड, खिचिया, लोणची करून विकतात. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी मी पापड घ्यायला गेले, तर भाभी पलंगावर कागदांचा पसारा मांडून बसलेल्या. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, भाडेकरार, विजेची बिलं, मुलांच्या शाळेचे दाखले. मला बघून म्हणाल्या, "दीदी, जरा पढ़ के बताओ ना, दस्तखत यहाँ करनी है कि वहाँ?"

भाभींना इंदूरला येऊन पंधरा वर्षं झाली. सिंधमधून नवरा, सासू आणि दोन लेकरं घेऊन आल्या. मुलं इथेच शिकून मोठी झाली, इंदुरी हिंदी बोलतात, पोह्यांवर शेव टाकतात. पण भाभींचा पासपोर्ट अजून पाकिस्तानचा. आता दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचं चाललं होतं. त्यांची एकच शंका होती. "घर घेता येतं म्हणतात, पण विकता येत नाही म्हणतात. असं कसं हो दीदी? मग ते आपलं झालं की नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला इतिहास होता, पण नवरा-मुलांच्या डब्यांमध्ये तो कधीच मागे राहिला. घरी येऊन मी पापड डब्यात भरले आणि दुसऱ्या दिवसापासून वाचायला बसले. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते, कारण हा प्रश्न भाभींचा एकटीचा नाही असं माझ्या लक्षात आलं.

आमच्या इंदूरला ‘आपला’ आणि ‘परका’ यांची हद्द नवी नाही. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रजांचा रेसिडेंट इथे येऊन बसला. रेसिडेन्सीचा भाग होळकरांच्या शहराला अगदी लागून, पण तिथे होळकरांचा हुकूम चालत नसे. म्हणजे चार पावलं चाललं की राज्य बदलायचं. पण त्या हद्दीने कुणाचं घर हिरावल्याचं आपण ऐकत नाही. घरं हिरावणारी हद्द आली ती १९४७ साली.

फाळणीत सिंधचे दोन तुकडे झाले नाहीत, हे आपण विसरतो. पंजाब वाटला गेला, बंगाल वाटला गेला, सिंध मात्र अख्खा पलीकडे गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना ‘आपला’ असा जमिनीचा तुकडाच उरला नाही. कराचीहून बोटींनी माणसं मुंबईला, ओख्याला उतरली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांना ठेवलं, तिथेच पुढे उल्हासनगर उभं राहिलं. आमच्या मध्य भारतात भोपाळजवळ बैरागढच्या बराकींत माणसं भरली. काही इंदूरला आली. आज सिंधी कॉलनी, जयरामपूर, पलसीकर कॉलनी या भागांत फिरताना कुणाला वाटतही नाही की हे लोक एकेकाळी एका ट्रंकेवर आले होते.

आपल्या समाजातलेही त्यात होते, बरं का. गुजरांवाला हे पंजाबातलं जैनांचं मोठं ठिकाण. आचार्य विजयवल्लभसूरी तिथून १९४७ च्या सप्टेंबरात संघासह अमृतसरला आले. सिंधच्या थर भागात नगरपारकरला जुनी जैन मंदिरं आजही उभी आहेत. दगड आहेत, कोरीव काम आहे, पूजा करणारं कुणी नाही. मंदिर सोडून निघताना शेवटचा दिवा कुणी लावला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

माणसं गेली, पण घरं तिथंच राहिली. दोन्हीकडे. मग सरकारांना कायदे करावे लागले. आपल्याकडे १९५० साली सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेचा कायदा आला. त्या मालमत्तेला ‘निष्क्रांत मालमत्ता’ म्हणायचे आणि तिच्यावर कस्टोडियन नेमायचे. १९५४ च्या कायद्याने आलेल्या निर्वासितांना भरपाई द्यायचं ठरलं. तुम्ही तिकडे काय सोडलं त्याचा दावा लिहून द्यायचा. पुरावा काय? घाईत निघालेली बाई पोर उचलेल, पाण्याची कळशी उचलेल, दागिने कमरेला बांधेल. घराची खरेदीखतं किती जणींनी उचलली असतील?

येण्याजाण्यावरही तेव्हाच पहारा बसला. १९४८ च्या जुलैत पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट लागू झालं. त्याआधी काही महिने लोक मामाकडे, आत्याकडे जाऊन परत येत होते. आता परत यायला कागद लागू लागला. १९५२ च्या ऑक्टोबरपासून पासपोर्ट आणि व्हिसा आला. हळूहळू जो ज्या दिवशी ज्या बाजूला होता, तो त्या देशाचा ठरत गेला. कुणी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली असेल, कुणी आजारी आईला बघायला. नकाशावर हद्द आखताना बाळंतपणं कोण मोजतं?

तोवर निदान ‘निष्क्रांत’ हा शब्द होता. १९६५ च्या युद्धानंतर दुसरा शब्द आला, ‘शत्रू संपत्ती’. पाकिस्तानच्या नागरिकांची इथली मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली. ताश्कंद करारात अशा मालमत्ता परत करण्याबद्दल बोलणी करायचं ठरलं होतं, ते तसंच राहिलं. पाकिस्तानने तर आपल्या लोकांच्या मालमत्ता विकूनही टाकल्या. आपल्याकडे १९६८ साली शत्रू संपत्ती कायदा झाला. तिच्यावरही कस्टोडियन असतो. १९६२ च्या युद्धामुळे चिनी नागरिकांची घरं-दुकानंही यात आली. २०१८ च्या सुमाराला सरकारने आकडे दिले होते, ते असे: पाकिस्तानी नागरिकांच्या ९,२८० मालमत्ता आणि चिनी नागरिकांच्या १२६.

आकड्यांनी काही कळत नाही, म्हणून आमच्या शेजारच्या भोपाळची गोष्ट सांगते. भोपाळ म्हणजे बायकांनी राज्य केलेलं संस्थान. १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी राज्य केलं. शेवटचे नवाब हमीदुल्ला खान. त्यांना तीन मुली, आबिदा, साजिदा आणि राबिया. थोरली आबिदा सुलतान म्हणजे नुसती राजकन्या नव्हती. विमान चालवायची, शिकार करायची, गादीची वारस म्हणून वाढवलेली मुलगी. ती १९५० साली मुलाला घेऊन पाकिस्तानला गेली. वडील मात्र इथेच राहिले, भारताचे नागरिक म्हणून जगले आणि १९६० साली भोपाळलाच वारले. मधली साजिदा पतौडीच्या नवाबांना दिलेली, ती इथेच होती. १९६२ साली भारत सरकारने तिलाच वारस म्हणून मान्यता दिली. क्रिकेटवाले मन्सूर अली खान पतौडी ते तिचेच चिरंजीव.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण २०१५ साली कस्टोडियनच्या कार्यालयाने म्हटलं की खरी वारस थोरली, ती पाकिस्तानी झाली, म्हणून भोपाळच्या नवाबांची मालमत्ता ही शत्रू संपत्ती. वडील भारतीय, सांभाळणारी बहीण भारतीय, तरी निघून गेलेल्या बहिणीची सावली पासष्ट वर्षांनी घरावर पडली. त्यावर कोर्टकचेरी सुरू झाली. आणि हे फक्त राजवाड्यांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. नवाबांच्या जमिनी पुढे कितीकांनी विकत घेतल्या, त्यावर घरं बांधली. रजिस्ट्री केली, हप्ते फेडले, मुलींची लग्नं त्याच अंगणात लावली. त्या घरांतल्या बायकांच्या पोटातही गोळा आला.

त्यातच २०१७ साली कायदा बदलला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या महमूदाबादच्या राजाच्या मुलाला त्याची मालमत्ता परत द्यायला सांगितलं होतं. वडील पाकिस्तानात गेले असले तरी मुलगा भारताचा नागरिक आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. नव्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. आता शत्रूचा वारस भारतीय नागरिक असला तरी तो ‘शत्रू’च्याच व्याख्येत बसतो, आणि वारसाहक्काचा कायदा त्या मालमत्तेला लागू होत नाही. सरकारची बाजू मी समजू शकते. हजारो कोटींची मालमत्ता, खोटे वारस उभे राहण्याची भीती, सीमेपलीकडे पैसा जाण्याची भीती, सगळं खरं. पण आपल्या घरात आपण काय शिकवतो? ज्याचं कर्म त्याला. बहिणीच्या जाण्याचं बहिणीला, बापाच्या जाण्याचं लेकाला, हा हिशेब माझ्या मनाला पटत नाही.

आता भाभींच्या फ्लॅटकडे येते. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या देशांतून आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोक जर दीर्घ मुदतीच्या व्हिसावर इथे राहत असतील, तर २०१६ पासून त्यांना बँकेत खातं, पॅन कार्ड, गाडीचा परवाना आणि राहायला एक छोटं घर घेण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात देशातल्या १६ जिल्हाधिकाऱ्यांना अशा लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले, त्यात आमचं इंदूर होतं, भोपाळ होतं, नागपूर, पुणे, मुंबई आणि ठाणेही होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या नियमांत लिहिलंय, राहायला एक घर आणि धंद्याला एक जागा. विकायचं असेल तर आधी नागरिक व्हा, नाहीतर परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घ्या. म्हणजे भाभींनी ऐकलं होतं ते बरोबरच होतं.

त्या यादीत ‘जैन’ हा शब्द वाचला तेव्हा मी थबकले. आपलं नाव ओळीत आहे म्हणून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण लगेच हेही आलं मनात की ओळीत ज्यांचं नाव नाही अशीही माणसं संकटातच आलेली असतात, आणि त्यांच्यातही पापड लाटणारी एखादी बाई असेलच.

आणि ‘परदेशी मालक’ म्हणजे कुणी लांबचा, असंही समजू नका. आपल्यापैकी किती जणींची मुलं अमेरिकेत, कॅनडात आहेत? तिथलं नागरिकत्व घेतलं की इकडचं जातं, हातात ओसीआय कार्ड येतं. त्यांना इथे फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते. माझं माहेर कारंजा लाडचं. तिथल्या शेताच्या वाटण्या झाल्या तेव्हा माझ्या भावाने सहज म्हटलं, "तुझा नातू तर आता फॉरेनर." सगळे हसले. मी पण हसले, पण रात्री झोप लागली नाही.

२०२५ च्या २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यात आमच्या इंदूरचाही एक होता. शहर सुन्न झालं. थोड्याच दिवसांत पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच्या हिंदूंना त्यातून वगळलं होतं, पण ते स्पष्ट होईपर्यंतचे दिवस भाभींनी कसे काढले ते मी पाहिलंय. दाराची कडी वाजली की दचकायच्या. टीव्हीवर अटारीची दृश्यं चालली होती. आईकडे भारताचा पासपोर्ट, लेकरांकडे पाकिस्तानचा, आणि मधे फाटक. देशाने दार राखलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. ज्याच्या घरात माणूस मारला गेला त्याला आपण कोणत्या तोंडाने सबुरी सांगणार? पण दार राखणाऱ्याला चोर आणि लेकुरवाळी यातला फरक कळायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून नवा आप्रवास आणि विदेशी नागरिक कायदा लागू झाला. १९२०, १९३९ आणि १९४६ चे इंग्रजांच्या काळातले कायदे गेले. एक गोष्ट मात्र जुन्या कायद्यातून नव्यात तशीच आली. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं ज्याच्यावर संशय त्याच्याच डोक्यावर. म्हणजे पुन्हा कागद. आणि कागदांच्या बाबतीत आपण बायका नेहमीच उघड्या पडतो. जन्माचा दाखला माहेरच्या नावाने, शाळेचा तिसऱ्याच नावाने, लग्नानंतर आडनाव बदललेलं, घर सासऱ्यांच्या नावावर, वीजबिल दिरांच्या. सीमा ओलांडायची गरजच नाही, आपल्याच घरात आपण बिनकागदाच्या असतो.

म्हणून मैत्रिणींनो, इतिहास वाचून मी काय केलं ते सांगते. आधी कपाट उघडलं. आमच्या फ्लॅटच्या रजिस्ट्रीत माझं नाव आहे का बघितलं. नव्हतं. ह्यांच्याशी बोलले. आधी म्हणाले, "पण तुला कोण बाहेर काढतंय?" मी म्हटलं, "आबिदा-साजिदाच्या वडिलांनाही असंच वाटलं असेल." दोन दिवस विचार करून हो म्हणाले.

भाभींचा फ्लॅट परवा झाला. दोन खोल्या, तिसरा मजला, स्वयंपाकघराला एकच खिडकी. वास्तूला गेले तर त्यांनी रजिस्ट्रीची फाईल माझ्या हातात दिली. खरेदीदार म्हणून त्यांचं एकटीचं नाव. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात अजून तो दुसरा देश आहे. नागरिकत्वाचा अर्ज पुढे सरकलाय म्हणाल्या. मग एकदम आठवल्यासारखं करून विचारलं, "दीदी, आप पूछती थीं ना, मेरा हुआ कि नहीं?" विचारलं खरं तर त्यांनीच होतं, मी नाही. पण मी काही बोलले नाही. गच्चीवर त्यांनी पापड वाळत घातले होते, ते दाखवायला मला घेऊन गेल्या.