बीचच्या रानातला घोडा

1905 सालचा नोव्हेंबर. लंडनच्या वायव्येला तीसेक मैलांवर चिल्टर्नच्या खडूच्या टेकड्या आहेत. तिथल्या बीच वृक्षांच्या रानात तुम्ही उभे आहात. पानं तांबूस झाली आहेत, निम्मी गळून पायाखाली भिजत पडली आहेत. ताज्या फोडलेल्या लाकडाचा आंबूस वास येतोय. वास येतो त्या दिशेला चाला.

पुढे बांबूएवढ्या जाड काठ्यांची, वर गवत घातलेली खोपी दिसते. भिंतींच्या बाहेरून लाकडाच्या ढलप्यांचा ढीग छातीएवढा रचलाय, वारा अडवायला. आत खुर्च्यांचे पाय कातणारा म्हातारा कारागीर आहे. इथे अशा माणसाला बॉजर म्हणतात. उभी झाडं लिलावात घ्यायची, तिथंच पाडायची, तिथंच फोडायची, तासायची, कातायची आणि तयार पाय हाय विकम गावातल्या कारखान्यांना विकायचे, हा त्याचा धंदा. अवजड ओंडके गावात न्यायचे, मग त्यातलं निम्मं लाकूड ढलप्या म्हणून टाकून द्यायचं, यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

“आलास तर हात लाव,” तो म्हणतो. जुन्या घोड्याची, म्हणजे लाकूड पायांच्या जोरावर पकडून तासायच्या बैठकीची, फळी चिरली आहे, नवा करायचाय.

पाच फुटी ओंडका पाचरा मारून उभा फोडायचा. करवत नको. फोडलेलं लाकूड आपल्या रेश्यांनुसार सुटतं आणि म्हणून टिकतं. सपाट बाजू वर, गोल बाजू खाली. गिरमिटानं तिरकी भोकं पाडून तीन पाय ठोकायचे, बाहेर फाकलेले. चौथा नको, रानातली जमीन कुठेच सपाट नसते आणि तीन पायांवर बैठक कधी डुगडुगत नाही. बैठकीच्या पुढच्या अंगाला एक उतरती फळी, लांबचं टोक खाली, जवळचं टोक उंच, तुमच्या पोटाकडे. फळीच्या दोन्ही बाजूंनी एकेक उभी पट्टी. या पट्ट्यांना वर एक आडवी दांडी आणि खाली पावलं टेकवायला दुसरी. मधून आरपार एक खुंटी, तिच्यावर हा सगळा चौकोन झुलतो. खुंटीपासून वरची दांडी वीतभर, खालची हातभर. तुमच्या पावलांचा जोर दुप्पट होऊन वर पोचतो तो या एवढ्याशा हिशेबामुळे. खुंटीसाठी भोकं मात्र तीन-चार पाडा, जाड-बारीक लाकूड पकडताना ती वर-खाली सरकवावी लागते.

“बसून बघ.”

तुम्ही घोड्यावर मांड ठोकता. ओल्या बीचचा, कुऱ्हाडीनं ओबडधोबड तासलेला दीड फुटी तुकडा उतरत्या फळीवर ठेवता. पावलं पुढे रेटता. वरची दांडी तुमच्याकडे झुकते आणि तुकडा जागच्या जागी घट्ट. दोन मुठींचा सुरा हातात घ्या, दोन्ही कोपरं अंगाशी, आणि छातीकडे ओढा.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या साध्या लाकडी सांगाड्यातली सगळी अक्कल याच एका क्षणात आहे. सुरा जितक्या जोरानं ओढाल तितकं तुमचं शरीर आपसूक पावलांवर रेटा देतं. म्हणजे पकड सुटायची वेळ येते, नेमकी तेव्हाच ती आवळली जाते. लोखंडी शेगडा फिरवत बसायला नको. पाय सैल सोडला की तुकडा मोकळा, फिरवा, पुन्हा रेटा, श्वासभराचं काम. आपला सुतार जमिनीवर बसून फळी पायाच्या बोटांत दाबून धरतो, त्याला हे काही शिकवावं लागणार नाही. लाकूड धरायचं काम पायांचं, हात फक्त हत्यारासाठी मोकळे.

ढलपी निघते: ओलसर, जाड, शेवटाला वळलेली. मग सुरा अचानक आत रुततो, कारण तुम्ही रेश्यांच्या उलट ओढताय. तुकडा उलटा करा. आता ढलपी पुन्हा सरळ निघते. चार कोनांचे आठ, आठांचे सोळा, आणि हातात गोलसर पाय उरतो, टोकांकडे किंचित निमुळता.

पुढचं काम कातायच्या यंत्राचं. वर वाकवलेली लवचीक काठी, तिच्यापासून लाकडाला गुंडाळून खाली पायपट्टीपर्यंत गेलेली दोरी. पाय दाबला की लाकूड तुमच्याकडे फिरतं, सोडला की काठी ते उलटं फिरवते. पटाशी लागते ती फक्त पाय दाबताना.

हा माणूस रानात एकटा बसलाय म्हणून त्याला निवांत समजू नका. त्याचं रान एका प्रचंड कारखानदारीच्या दाराशी बांधलेलं आहे. 1875 च्या सुमारास विकमच्या परिसरात दिवसाला 4,700 खुर्च्या होत होत्या असा हिशेब सांगतात. 1877 मध्ये राणी व्हिक्टोरिया गावातून गेली तेव्हा रस्त्यावर खुर्च्यांचीच कमान उभारली होती. बॉजरला पैसे ग्रोसावर मिळतात. एक ग्रोस म्हणजे 144 पाय आणि त्यांना जोडणाऱ्या 108 आडव्या दांड्या, अर्थात विंडसर धाटणीच्या 36 लाकडी खुर्च्यांचा माल. पाऊस असो, थंडी असो, ग्रोस भरला तरच चूल पेटते. या कष्टाला रानातलं सुखी जीवन म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या हातातलं कसब मोठं आहे, मजुरी मोठी नाही.

कातलेले पाय तो बाहेर हवेत रचून ठेवतो. सुकताना बीच सगळीकडे सारखं आटत नाही, वर्तुळाच्या वाटेनं ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आटतं. म्हणून आज कातलेला गोल पाय काही आठवड्यांनी लंबगोल झालेला असतो. जुन्या खुर्चीचा पाय बोटांनी चाचपून पाहिला तर हे आजही कळतं.

आता साठेक वर्षं पुढे या. रान तेच, खोप्या नाहीत. विकमच्या कारखान्यांत यंत्रं पाय कातताहेत, शेवटच्या बॉजरांपैकी सॅम्युएल रॉकॉल 1962 मध्ये गेले. धंदा बुडाला तो कारागिरी कमी पडल्यामुळे नव्हे, भावामुळे.

आणखी सोळा वर्षं पुढे, अटलांटिकपलीकडे बाल्टिमोरला. पेशानं वकील असलेल्या जेनी अलेक्झांडर यांचं झाडापासून खुर्ची करण्यावरचं पुस्तक 1978 मध्ये निघालं आणि ओल्या लाकडाचं काम हौशी माणसांच्या अंगणात पुन्हा सुरू झालं. आज अमेरिकेत, इंग्लंडमध्ये लोक आठवडाअखेरच्या शिबिरांत घोडे बांधतात. तिथं जो नवा असतो तो पहिल्यांदा दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो, आणि पावलं दांडीपर्यंत नीट पोचत नाहीत म्हणून कंबर दुखवून घेतो. माप पुस्तकातून घेऊ नये. भिंतीला पाठ टेकवून बसावं, गुडघा किंचित वाकलेला असताना टाच कुठे येते तिथं खूण करावी, आणि खालची दांडी त्या खुणेवर बसवावी.