थोरातांचे टिपण आणि १९६२ : एका सेनापतीच्या निर्णयाची फेरतपासणी

१९६२ च्या चीन-युद्धाचा विषय निघाला की महाराष्ट्रात एक वाक्य हटकून उच्चारले जाते : 'जनरल थोरात लष्करप्रमुख झाले असते, तर हा पराभव झाला नसता.' मराठी व्याकरण ज्याला संकेतार्थ म्हणते, त्याचे हे नमुनेदार उदाहरण होय. या अर्थाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील दोन्ही गोष्टी घडलेल्या नसतात आणि म्हणूनच वाक्य खोटे ठरविता येत नाही. अभिमानाला अशी वाक्ये सोयीची असतात, इतिहासाला नव्हेत. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांची योग्यता मात्र अशा वाक्यावर अवलंबून राहावी इतकी दुबळी नाही. त्यांचा लेखी निर्णय उपलब्ध आहे व तो तपासता येतो.

कोल्हापूरकडच्या घराण्यातील थोरात सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन १९२६ साली सैन्यात दाखल झाले. प्रत्यक्ष रणांगणावरील त्यांची कीर्ती मुख्यत्वे आराकानातील कांगॉच्या लढाईची आहे. जानेवारी १९४५ मध्ये तेथे लढलेल्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते : थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डी. एस. ओ. हा बहुमान मिळाला. हे तिसरे नाव पुढे पुन्हा येणार असल्याने ध्यानी ठेवावे. १९५३-५४ मध्ये कोरियात मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धबंद्यांची राखण करणाऱ्या हिंदी दलाचे थोरात प्रमुख होते. बंद्यांनी एका हिंदी अधिकाऱ्याला धरून ठेवले, तेव्हा ते मोजक्या सोबत्यांनिशी त्या कुंपणात शिरले. हे धैर्य वादातीत आहे. परंतु मोठ्या सैन्याचे युद्धकाळी नेतृत्व करण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नाही, हेही तितकेच खरे.

१९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाची सूत्रे त्यांच्या हाती होती. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजू येथे चकमक झाली आणि ईशान्य सीमेची जबाबदारी लष्कराकडे आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात थोरातांनी आपले टिपण वरिष्ठांकडे पाठविले आणि मार्च १९६० मध्ये लखनौ येथील आपल्या मुख्यालयात 'लाल किल्ला' नावाचा युद्धाभ्यास घेऊन त्याची मांडणी करून दाखविली. विचाराचा गाभा साधा होता. मॅकमहोन रेषेवरील ठाणी ही शत्रूची चाहूल देणारी ठाणी होत. ती लढविण्याची जागा नव्हे. खरी फळी बरीच मागे, बोमडिला व तत्सम ठिकाणी, म्हणजे जेथवर आपला पुरवठा पोहोचतो आणि शत्रूचा ताणला जातो अशा ठिकाणी असावी. थोरातांच्या कथनानुसार संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी हे भय निराधार मानले, आणि युद्धानंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून, हे टिपण आपणास का दाखविण्यात आले नाही, असा प्रश्न केला. हे कथन १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्रातील आहे व त्याच सावधगिरीने वाचावयास हवे. (ग्रंथाच्या शीर्षकातील 'रिट्रीट' म्हणजे माघार नव्हे, पहाटेच्या बिगुलाचा जोडीदार असा तो सूर्यास्ताचा बिगुल आहे.)

या योजनेत काही अभ्यासकांना गनिमी काव्याचा वारसा दिसतो. इतके दूर जाण्याचे कारण नाही. १९४४ साली जनरल स्लिम यांनी टिड्डिम व टामू येथील आपल्या डिव्हिजनी इंफाळच्या मैदानापर्यंत मागे घेतल्या आणि जपानी सैन्याला त्याच्या रसदीपासून दूर आणून मोडले. ब्रह्मदेशाच्या मोहिमेतील अधिकाऱ्याला हा धडा पाठ असणे स्वाभाविक होते. अडचण शब्दाची होती. सेनापतीच्या लेखी माघार ही एक चाल असते. संसदेत तोच शब्द नामुष्कीचा ठरतो. तवांग सोडून बोमडिल्यास उभे राहावे, हे १९५९ नंतर कोणत्याही मंत्र्याला उघडपणे बोलता येण्यासारखे नव्हते.

टिपणाचा निर्णय कितपत खरा ठरला? आपल्या बाजूविषयीचे अनुमान पुरते खरे ठरले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चू नदीकाठी जी ब्रिगेड कोलमडली, ती पुरवठ्याच्या पलीकडे, अरुंद खोऱ्यात, नेमक्या नको त्या ठिकाणी उभी होती. शत्रूविषयीचे अनुमान मात्र तितके निःशंक नाही. तवांग घेतल्यावर चिनी सैन्याने काही आठवड्यांतच बुम ला येथून तेथवर रस्ता बांधून काढला. ताणलेली रसद इतक्या त्वरेने सैल होऊ शकते, हे टिपणाच्या गृहीतात बसत नाही. शिवाय डोंगरातील जुन्या बेली वाटेने येऊन चिन्यांनी से ला व बोमडिला यांमधील रस्ता तोडला. बोमडिला पडले खरे; पण तेथील फौज आधीच तुकड्यातुकड्यांनी इतरत्र पाठविली गेली होती. म्हणून ही थोरातांच्या योजनेची परीक्षा नव्हेच. ती योजना सिद्ध झाली नाही आणि खोटीही ठरली नाही.

थिमय्यांनी आपल्यानंतर थोरातांची शिफारस केली होती. नेमणूक थापर यांची झाली. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले आणि पूर्व विभागावर आले ते कांगॉचे तिसरे नायक, सेन. अभ्यास ज्या मुख्यालयात झाला, ते आता त्यांचे होते. तरीही सप्टेंबर १९६२ मध्ये थाग ला येथून चिन्यांना हुसकावण्याचा आग्रह त्याच मुख्यालयातून खाली गेला. पुरवठ्याचे तेच गणित मांडून विरोध करणारा अधिकारी नव्हताच असे नाही : ३३ व्या कोरचे लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी ते मांडले. त्यांच्याकडून त्या आघाडीची जबाबदारी काढून घेण्यात आली आणि नवी ४ थी कोर उभारून ती बी. एम. कौल यांच्या हाती देण्यात आली. कौलांना युद्धात तुकडीच्या नेतृत्वाचा अनुभव नव्हता.

तेव्हा थोरातांच्या चाहत्यांनी ज्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे, तो निराळा आहे. २२ सप्टेंबर रोजी सरकारचा हुकूम आला, थापर यांनी तो लेखी मागून घेतला आणि पाळला. त्या खुर्चीवर थोरात असते, तर त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या : हुकूम पाळणे किंवा राजीनामा देणे. दुसरी वाट त्यांचे स्नेही थिमय्या यांनी ३१ ऑगस्ट १९५९ रोजी चोखाळून पाहिली होती. नेहरूंच्या शब्दाखातर तो राजीनामा त्यांनी मागे घेतला, आणि थोड्याच दिवसांत संसदेत त्याविषयी नापसंतीचे बोल ऐकून घेतले. थोरातांनी आपले टिपण लिहिले ते त्यानंतरच्या महिन्यात.