दिनविशेष : १ मार्च – कार्लुश केरोश यांचा जन्म (१९५३)

पोर्तुगालचे ख्यातनाम फुटबॉल प्रशिक्षक कार्लुश केरोश यांचा जन्म १ मार्च १९५३ रोजी मोझांबिकमधील नाम्पुला येथे झाला. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालची वसाहत होती.

युवा संघ घडवण्याचे त्यांचे काम पोर्तुगीज फुटबॉलच्या इतिहासात मोलाचे ठरले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पोर्तुगालने १९८९ मध्ये रियाधला आणि १९९१ मध्ये लिस्बनला युवा विश्वचषक जिंकला. लिस्बनमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर ब्राझीलला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवणाऱ्या त्या संघात लुईश फिगो आणि रुई कोश्ता होते. याच मुलांना पुढे ‘सुवर्णपिढी’ म्हटले गेले.

त्यानंतर केरोश यांनी जग पालथे घातले. अमेरिका, जपान आणि संयुक्त अरब अमिरातीत काम केल्यावर त्यांनी दक्षिण आफ्रिकेला २००२ च्या विश्वचषकाची पात्रता मिळवून दिली. मँचेस्टर युनायटेडमध्ये ते ॲलेक्स फर्ग्युसन यांचे सहायक होते. २००३-०४ च्या हंगामात रेआल माद्रिदचे मुख्य प्रशिक्षक. २०१० च्या विश्वचषकात त्यांनी पोर्तुगालला बाद फेरीत नेले.

इराणशी त्यांचे नाते सर्वांत दीर्घ ठरले. २०१४, २०१८ आणि २०२२ या सलग तीन विश्वचषकांत ते इराणचे प्रशिक्षक होते. २०१८ मध्ये इराणने मोरोक्कोला हरवले आणि खुद्द पोर्तुगालला १-१ असे बरोबरीत रोखले. कोलंबिया, इजिप्त, कतार आणि ओमान या संघांनाही त्यांनी मार्गदर्शन केले. शिस्तबद्ध बचावाच्या बळावर तुलनेने लहान संघही बलाढ्यांना झुंजवू शकतात, हे त्यांनी जगाला दाखवून दिले.