अयुथयाला ऑक्टोबरमध्ये जा : ऐतिहासिक साधन वाचताना महिना का विचारायचा?

थायलंडच्या सहलीची कुठलीही माहितीपुस्तिका उघडा. अयुथया बघायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम, असंच तिथे लिहिलेलं असतं. ऊन सौम्य, पाऊस नाही, विटांच्या पडक्या देवळांचे फोटो छान येतात. पर्यटक म्हणून जाणार असाल तर हा सल्ला योग्यच आहे. पण या शहराचा इतिहास समजून घ्यायला जाणार असाल, तर मी म्हणेन ऑक्टोबरमध्ये जा. कारण अयुथया हे मुळात पाण्यातलं शहर आहे आणि कोरड्या महिन्यात ते अर्धंच दिसतं.

हा लेख एका शहराबद्दल आहे, पण मला खरं सांगायचंय ते साधन वाचण्याबद्दल. मी विज्ञान शाखेतून आलोय. आमच्याकडे नोंदवहीत तारीख लिहिल्याशिवाय निरीक्षणाला किंमत नसते. इतिहासाच्या साधनांवर तारीख असते, आणि आपण त्यातलं वर्ष उचलतो. महिना मात्र बहुतेक वेळा सोडून देतो. तो सोडला की काय हातचं जातं, ते बघू.

आधी भूगोल

अयुथया बँकॉकच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर आहे. १३५१ मध्ये ती सयामची राजधानी झाली आणि १७६७ पर्यंत, म्हणजे चारशेहून जास्त वर्षं राहिली. नाव ओळखीचं वाटलं ना? ते आपल्या अयोध्येवरूनच आलंय. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पासाक या तीन नद्या आणि त्यांना जोडणारे कालवे यांच्या वेढ्यामुळे शहराचं बेट झालेलं आहे. १९९१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश आहे.

इथला पूर मात्र आपल्या ओळखीचा नाही. आपल्याकडे वर धो धो पाऊस कोसळतो आणि खाली नदी चढते. इथे पाऊस पडतो दूर उत्तरेच्या डोंगरांत. पिंग, वांग, योम आणि नान या नद्या तो गोळा करतात, नाखोन सावान इथे सगळ्यांची मिळून चाओ फ्राया होते आणि मग ते पाणी जवळजवळ सपाट मैदानातून रेंगाळत खाली येतं. त्यामुळे पावसाचा जोर सरत आला की ऑक्टोबरमध्ये पाणी सर्वांत वर असतं. धरणं होण्याआधी हे दर वर्षी व्हायचं. पाणी हळूहळू चढायचं, काही आठवडे थांबायचं आणि ओसरायचं.

लोकांनी सगळं जगणं याच वेळापत्रकावर बेतलेलं होतं. घरं खांबांवर, काही तर थेट तराफ्यांवर. रस्त्यांपेक्षा कालवे जास्त. शेतात तरंगता भात. पाणी वाढेल तशी या भाताची दांडी उंच होत जाते, दिवसाला २० ते २५ सेंटिमीटरपर्यंतसुद्धा. पाण्यात बुडालेल्या झाडात इथिलीन वायू साठतो आणि त्यामुळे दांडी वाढवणारी जनुकं कामाला लागतात. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये ही जनुकं शोधली आणि त्यांना ‘स्नॉर्केल’ असं नाव दिलं. अयुथयाच्या शेतकऱ्याला जनुक माहीत नव्हतं, पण कुठलं वाण पुरात टिकतं हे त्याला पक्कं माहीत होतं. राजधानीचं पोट त्या भातावर चालायचं.

साक्षीदार कधी आले?

आता साधनांकडे वळू. सतराव्या शतकातल्या अयुथयाबद्दल वाचायला लागलात की फ्रेंच लेखन हमखास समोर येतं. चौदाव्या लुईचा राजदूत शेवालिए द शोमाँ १६८५ च्या सप्टेंबरअखेर सयामच्या नदीच्या मुखाशी पोचला. १८ ऑक्टोबर १६८५ ला अयुथयामध्ये राजा नाराईने त्याला भेट दिली. डिसेंबरमध्ये तो परत निघाला. त्याच्यासोबत आलेल्या आबे द श्वाझीने दिनांकवार रोजनिशी लिहिली. त्यानंतर आला सिमों द ला लूबेर. तोही १६८७ च्या सप्टेंबरअखेर आला आणि १६८८ च्या जानेवारीत गेला. त्याचा ग्रंथ १६९१ मध्ये पॅरिसला छापला गेला आणि आजही सयामवरच्या प्रत्येक संशोधनात त्याचा उल्लेख असतोच.

दोन्ही वेळा महिने तेच आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेल. हा योगायोग नाही. शिडाची जहाजं नैऋत्य मोसमी वाऱ्यावर सयामकडे यायची आणि वारा फिरून ईशान्येकडून वाहू लागला की परत निघायची. म्हणजे साक्षीदाराने शहरात कधी असायचं हे वाऱ्याने ठरवलं. त्यांनी पाहिली ती भरल्या पाण्याची आणि नुकत्या ओसरलेल्या पाण्याची अयुथया. नावांच्या मिरवणुका, राजाच्या सोनेरी नौका, पाण्यावर उभं असलेलं शहर, हे त्यांच्या लेखनात ठळक आहे. ते खरंही आहे. पण एप्रिलमधलं तापलेलं, नद्या खाली गेलेलं, धुळीचं अयुथया त्यांनी स्वतः अनुभवलंच नाही. त्या महिन्यांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते दुसऱ्यांकडून ऐकून. संख्याशास्त्राच्या भाषेत हा सरळ सरळ सॅम्पलिंग बायस आहे.

याच्या शेजारी येरेमियास व्हान व्हलीटला ठेवून बघा. तो डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. १६३० च्या दशकात तो कंपनीच्या वखारीच्या कामासाठी अनेक वर्षं अयुथयात राहिला. त्याने सगळे ऋतू पाहिले. दरबाराची झगमग आणि तांदळाचा बाजार, दोन्ही त्याच्या नजरेखालून गेलं. म्हणून तो आपोआप जास्त विश्वासार्ह ठरतो असं नाही, व्यापाऱ्याची नजरही स्वार्थाचीच असते. पण त्याचा पूर्वग्रह वेगळा आहे आणि तो ऋतूचा नाही. दोन साधनं समोरासमोर ठेवताना हा फरक हिशेबात धरायला हवा.

पाणी हीच तटबंदी

महिन्याचा प्रश्न वर्णनापुरता असता तर मी एवढा आग्रह धरला नसता. पण राज्य टिकणं आणि बुडणं हेही त्यात गुंतलेलं होतं. शत्रूने कोरड्या दिवसांत वेढा घालायचा, पावसाळा आला की उठवायचा, हे गणित अयुथयाने गृहीत धरलेलं होतं. १५८६-८७ मध्ये ब्रह्मदेशाच्या नंदबयिनने वेढा घातला आणि मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, त्याला परतावं लागलं.

१७६६ च्या सुरुवातीला पुन्हा ब्रह्मी फौजा आल्या. पावसाळा आला की जातील, अशी शहराची अटकळ. या वेळी ते गेले नाहीत. त्यांनी उंचवट्यांवर आणि देवळांच्या परिसरात छावण्या पक्क्या केल्या, नावा जमवल्या आणि पुराचे महिने तिथेच काढले. पाणी ओसरलं तेव्हा शहर थकलेलं होतं, आत उपासमार होती. तटाखाली भुयारं खणून आग लावली गेली आणि ७ एप्रिल १७६७ रोजी अयुथया पडली. फंदफितुरीने पडली, राजा दुबळा होता, अशी कारणं सांगितली जातात, आणि त्यांत तथ्य असेलही. पण तारखांचा क्रम लावून बघितलात तर कळतं की शहराचा सर्वांत जुना रक्षक ऑक्टोबर १७६६ मध्येच निकामी झालेला होता.

आता एक उलट उदाहरण, कारण ते लपवलं तर आपला युक्तिवाद लंगडा पडतो. १५६९ मध्येही अयुथया पडली होती, आणि तीही ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात. तेव्हा आतली फितुरी कामी आली. पूर पूर्ण चढायच्या आधीच दार उघडलं गेलं. म्हणजे पाण्यावर सगळं ठरत नव्हतं. पाण्याने फक्त मुदत ठरवून दिली होती, त्या मुदतीत कोण काय करतो हे माणसांवर होतं.

तोच महिना, २०११

ऑक्टोबर २०११ मध्ये अयुथया पुन्हा पाण्याखाली गेली. नदीकाठचं, १६३० मध्ये बांधलेलं वाट छायवत्थनाराम हे मंदिर बुडालं. आसपासच्या औद्योगिक वसाहतींत पाणी शिरलं, तिथले कारखाने बंद पडले आणि जगभर हार्ड डिस्कचा तुटवडा झाला. त्या वर्षीच्या पुराने थायलंडचं एकूण १.४३ लाख कोटी बाटचं नुकसान झालं, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. त्या वर्षी पाऊस जास्त होता हे खरं, पण जमीन तीच होती आणि महिनाही तोच. फरक एवढाच की खांबांवरच्या घरांची जागा जमिनीवरच्या कारखान्यांनी घेतली होती.

तुमच्या कामासाठी

संशोधनाचा विषय निवडताय, साधनांची यादी करताय, तर तक्त्यात दोन रकाने वाढवा : साक्षीदार कुठल्या महिन्यात तिथे होता, आणि त्याला तिथे कोणी किंवा कशाने पोचवलं. तारीख कुठल्या पंचांगातली आहे हेही तपासा. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे. आजच्या हिशेबाने तो दिवस १६ जून येतो. पावसाळ्याच्या तोंडावर दहा दिवस म्हणजे फार. आणि हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा रायगडावर होता, याचं एक कारण म्हणजे तो युरोपातून नुकता उतरलेला पाहुणा नव्हता. तो इथल्या वखारीतलाच माणूस होता.

क्षेत्रभेटीला जायची वेळ आली की सोयीचा महिना कुठला, याआधी माझं साधन कुठल्या महिन्यात लिहिलं गेलं, हे विचारा. जमलं तर त्या महिन्यात जा. आणि दुसऱ्यांदा जायची संधी मिळाली, तर ज्या महिन्यात कोणीच लिहिलेलं नाही, त्या महिन्यात जा.